ब्रासो फक्त पिनांपुरता

पावसाळा ओसरत आला की सांगली-मिरजेकडच्या जुन्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेल्या, रेडिओंची खरखर वाढते. दमट हवेनं व्हॉल्व्हच्या बुडाच्या पिनांवर काळपट थर चढलेला असतो. गणपतीच्या समया घासायला ब्रासो घरात असतोच, तोच इथेही चालतो. पण आधी जमवाजमव नीट करा. जुन्या बनियनचे तुकडे, भरपूर इअरबड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ बारीक ब्रश, कागदी चिकटपट्टी, पेन, मल्टिमीटर. पितांबरी नको, तिचे कण नको तिथे जाऊन बसतात.

प्लग आदल्या रात्रीच काढून ठेवा. तेवढ्यावर विसंबू मात्र नका. आतला वीज साठवणारा फिल्टर कपॅसिटर अडीच-तीनशे व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. मीटरनं मोजा, भार असेल तर १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरनं उतरवा आणि पुन्हा मोजा. हे जमणारं नसेल, तर सेट सरळ मेकॅनिककडे न्या.

मग मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक सॉकेटशेजारी चिकटपट्टीवर व्हॉल्व्हचा नंबर लिहा. ईएल ८४ आणि ईसीसी ८३ हे वेगवेगळे व्हॉल्व्ह, पण दोघांच्या पिना नऊच, एकमेकांच्या जागी बिनतक्रार बसतात. गोंधळ नंतर कळतो. काचेवरचा छाप पुसू नका, बऱ्याच व्हॉल्व्हवर तो नुसत्या ओल्या बोटानंही जातो. आतला चांदीसारखा डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह घासण्यात अर्थ नाही.

व्हॉल्व्ह सरळ वर ओढा. नऊ पिनांवाल्याच्या पिना थेट काचेत असतात, वाकल्या की बुडाशी तडा जातो. बेकेलाइटचं बूड असेल तर पकड बुडाला, काचेला नाही.

ब्रासो इअरबडच्या टोकाला जेमतेम लावा, पिनेभोवती दोन-तीनदा फिरवा, लगेच अल्कोहोलनं पुसा. नवा बड कोरा निघेपर्यंत पुसत राहा. सॉकेटमध्ये ब्रासोचा थेंबही नको: त्यातली पूड फटीत अडकते, अमोनिया पितळी पात्यांना खातो. तिथे फक्त अल्कोहोलचा ब्रश. २०१९ च्या पुरात बुडालेला सेट असेल तर ही यादी बाजूला ठेवा. ट्रान्सफॉर्मर तपासल्याशिवाय त्याला वीज देऊ नये.

अल्कोहोल पूर्ण उडाल्यावरच व्हॉल्व्ह बसवा. पहिल्यांदा सेट ६० वॅटच्या जुन्या, तारेच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावा, म्हणजे वीज बल्बमधूनच सेटकडे जाईल. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, लख्ख पेटलेलाच राहिला तर बंद करा.