खाजेवर औषधी मलम लावताना या चुका टाळा

खाज सुटली की जवळच्या मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची एखादी चांगली ट्यूब द्या’ असे सांगणे, ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. खाज हे लक्षण आहे. ती गजकर्णाने येते, खरजेने येते, इसबाने येते, अंगावर पित्त उठल्याने येते आणि पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या थंडीत नुसती त्वचा सुकल्यानेही येते. या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. इतका वेगळा, की एकाचे औषध दुसऱ्याला अपाय करते. म्हणून ट्यूब कोणती घ्यावी याआधी खाज कशाची आहे, हे ठरले पाहिजे.

सर्वाधिक नुकसान होते ते गजकर्णाच्या बाबतीत. जून ते सप्टेंबर या काळात दुचाकीवरून भिजत कामावर जायचे, ओली जीन्स दिवसभर अंगावर वाळवायची आणि रेनकोटच्या आत घाम साचू द्यायचा, हे पुण्यातील असंख्य लोकांचे रोजचे जगणे आहे. जांघ, कंबर, काखा आणि स्तनांखालच्या घड्या ओलसर राहिल्या की तिथे बुरशीला आयते घर मिळते. मग कडा उठावदार असलेला, मध्यभागी काहीसा निवळलेला, खाजरा गोल चट्टा दिसू लागतो. अशा वेळी दुकानातून बहुधा जी ट्यूब हातात पडते तिच्यात एक स्टिरॉइड, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक असे तिन्ही घटक एकत्र असतात. ‘काहीही असले तरी लागू पडेल’ असा त्यामागचा हिशेब असतो, आणि दुर्दैवाने दोन दिवसांत खाज थांबल्यामुळे तो खरा वाटतो.

प्रत्यक्षात स्टिरॉइडने दाह दाबलेला असतो. लाली जाते, खाज थांबते, परंतु त्या जागेची प्रतिकारशक्ती मंदावल्यामुळे बुरशी आत निर्धास्त पसरत राहते. मलम थांबवले की खाज दुपटीने परत येते, म्हणून ते पुन्हा लावले जाते, आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालते. दरम्यान चट्ट्याचे रूप इतके बदलते की नेहमीचा गोल आकार आणि उठावदार कडा ओळखूही येत नाहीत. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असे नाव आहे. जांघेत आणि काखेत त्वचा मुळातच पातळ असल्याने तिथे स्टिरॉइड अधिक शोषले जाते, त्वचा आणखी पातळ होते आणि पोटावर गरोदरपणात पडतात तसे रुंद व्रण उमटतात. हे व्रण पुढे फिके पडले तरी पूर्णपणे जात नाहीत. क्लोबेटासॉल हे त्वचेवर लावण्याच्या स्टिरॉइडांपैकी सर्वांत तीव्र गटातले आहे, आणि तेच जांघेतल्या गजकर्णावर लावले जावे, याहून विसंगत गोष्ट नाही.

म्हणून ट्यूब उघडण्यापूर्वी तिच्यावरची बारीक अक्षरे वाचावीत, गरज पडल्यास मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचावीत. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादे नाव आढळले तर त्या मलमात स्टिरॉइड आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टिरॉइडांचा शेड्यूल एच या यादीत समावेश केला. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली तर त्यात अडवणूक मानू नये. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची अर्धी उरलेली ट्यूब मागून आणणे तर अजिबात टाळावे.

येथे एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी, की स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. इसबावर योग्य तीव्रतेचे स्टिरॉइड योग्य काळ लावणे हाच मुख्य उपचार आहे, आणि भीतीपोटी ते फार थोडे लावल्याने किंवा मधेच सोडल्याने इसब चिघळलेली माणसेही कमी नाहीत. प्रश्न आजार, जागा आणि कालावधी यांचा आहे. तळपायाच्या जाड त्वचेला चालणारे मलम पापणीवर लावले, तर काचबिंदूपर्यंतचे त्रास संभवतात. वांगाच्या डागांवर किंवा गोरेपणासाठी स्टिरॉइडयुक्त मलम चेहऱ्यावर रोज लावणाऱ्यांचा चेहरा कालांतराने सतत लाल राहतो, पुटकुळ्या येतात, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम बंद करताच आग होते. बराच काळ असे मलम वापरले असेल तर ते एकदम सोडू नये. त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडावे.

किती लावावे, याचे एक सोपे माप आहे. प्रौढ व्यक्तीच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या वळीपर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. थर जाड दिल्याने गुण लवकर येत नाही. स्टिरॉइड लावलेल्या जागेवर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पट्टी बांधू नये, आणि बाळाच्या लंगोटाच्या किंवा डायपरच्या जागी तर असे मलम आपल्या मनाने मुळीच लावू नये, कारण झाकलेल्या त्वचेतून औषध कितीतरी जास्त शोषले जाते. शुद्ध बुरशीनाशक मलम मात्र चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे २ सेंटिमीटरपर्यंत लावावे, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पुरी करावी. खाज गेली त्या दिवशी ट्यूब कपाटात टाकणे हे गजकर्ण उलटण्याचे नेहमीचे कारण आहे. घरात टॉवेल एकच असेल तर तोही वेगळा करावा.

खरजेचे चित्र निराळे असते. खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर आणि बेंबीभोवती बारीक पुरळ दिसते, आणि बहुतेक वेळा एका खोलीतल्या एकाहून अधिक जणांना त्रास असतो. सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. खरजेसाठी ५ टक्के परमेथ्रिनचे मलम वापरतात, पण ते जिथे खाजते तिथेच लावले जाते, ही चूक फार सर्रास होते. ते मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांच्या कडांसकट, सर्वांगाला लावून ८ ते १४ तास ठेवायचे असते आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचे असते. लहान बाळांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी पद्धत डॉक्टरांकडूनच समजून घ्यावी. खाज नसली तरी एकत्र राहणाऱ्या सर्वांनी ते एकाच रात्री लावले पाहिजे, अन्यथा खरूज एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. अंथरूण-पांघरूण आणि कपडे गरम पाण्यात धुवावेत. उपचार यशस्वी झाल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, त्यामुळे घाबरून रोज परमेथ्रिन लावत बसू नये. त्याने त्वचा आणखी चुरचुरते.

मलम योग्य असूनही गुण येत नसेल, तर खाजेचे कारण रोज अंगाला लागत नाही ना, हे तपासावे. गाजरगवत हे पुण्याच्या संदर्भात पहिले आठवते. भारतात या तणाची ठळक नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यातच झाली, आणि आज ते मोकळ्या प्लॉटांवर, रस्त्यांच्या कडेला व टेकड्यांच्या पायथ्याशी सहज दिसते. त्याचे सुकलेले बारीक कण हवेतून उडतात आणि ज्यांना त्याची ॲलर्जी असते त्यांच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर व कोपरांच्या खळग्यांत इसब उठते. अशा माणसाने उत्तम मलम लावून रोज त्याच पायवाटेने फिरायला जाणे म्हणजे एका हाताने पुसून दुसऱ्याने पुन्हा लिहिणे होय. टिकलीच्या गोंदाने कपाळावर पडणारा चट्टा, केसांच्या काळ्या रंगाने टाळूच्या कडेला आणि कानांमागे सुटणारी खाज, दुखऱ्या जागी बिब्बा लावल्याने येणारे फोड, ही सारी उदाहरणे याच प्रकारची आहेत. क्वचित मलमच दोषी असते: निओमायसिन या प्रतिजैविकाची किंवा मलमातील सुगंधाची ॲलर्जी असली तर लावलेल्या जागेची आग वाढते, चट्टा मलमाच्या हद्दीबरोबर पसरतो. तसे झाल्यास ते थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव घालणे आणि कढत पाणी घेणे, या दोन सवयींनी कोरडी त्वचा अधिकच सुकते. ज्येष्ठांच्या नडग्यांवर हिवाळ्यात येणाऱ्या खाजेला बहुतेक वेळा औषधी मलम लागतच नाही. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ करून अंग ओलसर असतानाच साधे मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली चोळल्याने ती शमते. मात्र अशी तेलकट मलमे कपड्यांत मुरली की कापड चटकन पेट घेते, तेव्हा निरांजनाजवळ आणि गॅसजवळ जपावे.

चट्ट्यात पू होणे, ताप येणे, डोळ्यांभोवती सूज दिसणे किंवा दोन आठवड्यांत फरक न पडणे, यांपैकी काही घडले तर घरचे प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. खर्चाची अडचण असेल तर ससून रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे. ओठ सुजले किंवा श्वास अडू लागला, तर बाह्यरुग्ण विभागाची वेळ न पाहता थेट तातडीच्या विभागात जावे. एरवी तपासणीला जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात आणि चट्टा सुरुवातीला कसा दिसत होता याचा फोटो असल्यास तो दाखवावा. त्या दिवशी चट्ट्यावर काहीही लावू नये, कारण बुरशी आहे की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर त्वचेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, आणि मलमाचा थर असला की ती तपासणी नीट होत नाही.