व्हिमआरसीत बदल करताना या चुका टाळा

व्हिम हा टर्मिनलमध्ये चालणारा टेक्स्ट एडिटर. सुरू होताना तो व्हिमआरसी ही आपल्या सेटिंग्जची फाइल वरून खाली वाचतो आणि तिच्यातली प्रत्येक ओळ आज्ञा म्हणून चालवतो. त्यामुळे तिथे काही चुकलं, की ज्या एडिटरने ती चूक निस्तरायची तोच आधी बिघडतो. तरीही लोक कुणाची तरी तीनशे ओळींची फाइल उचलतात, आपल्या फाइलवर चिकटवतात, सेव्ह करतात आणि लगेच बाहेर पडतात. ही घाई मला अजिबात पटत नाही. जी ओळ काय करते हे सांगता येत नाही, ती आपल्या फाइलमध्ये नको.

माझी सवय अशी: बदल सेव्ह करायचा, पण तो व्हिम बंद करायचा नाही. दुसऱ्या टर्मिनलमध्ये नवा व्हिम उघडून बघायचा. काही बिनसलं, तर पहिल्या खिडकीत चालता व्हिम असतोच. 'यू' दाबून बदल मागे घ्यायचा आणि पुन्हा सेव्ह करायचं. ती खिडकी बंद करून बसला असाल, तर व्हिमला 'डॅश डॅश क्लीन' हा पर्याय देऊन फाइल उघडा. मग तो तुमची व्हिमआरसी न चालवता नुसती दाखवतो. फाइल गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवा. एकाच फाइलच्या पाच-सहा प्रती काढून ठेवणाऱ्यांना त्यातली चालणारी कुठली, हे नंतर सांगता येत नाही.

आता ज्या चुकीमुळे सगळ्यात जास्त वेळ वाया गेलेला पाहिला ती: मॅपिंगच्या, म्हणजे एखाद्या कळीवर दुसऱ्या कळा बसवणाऱ्या ओळीच्या शेवटी लिहिलेली कॉमेंट. 'सेट नंबर'सारख्या ओळीपुढे अवतरणचिन्ह टाकून कॉमेंट लिहिली तर चालते, म्हणून लोक मॅपिंगपुढेही लिहितात. पण मॅपिंगमध्ये ओळीच्या शेवटापर्यंतचं सगळं दाबायच्या कळा म्हणूनच धरलं जातं. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने एफ-टू कळीवर सेव्ह बसवलं होतं आणि त्याच ओळीत, अवतरणचिन्हाला चिकटून, रोमन लिपीत 'सेव्ह' अशी कॉमेंट लिहिली होती. एफ-टू दाबलं की फाइल सेव्ह व्हायची. मग मधल्या स्पेसने कर्सर एक घर पुढे जायचा, अवतरणचिन्ह आणि 'एस' मिळून एस नावाचं रजिस्टर (मजकूर साठवायची जागा) निवडलं जायचं, 'ए'ने इन्सर्ट मोड, म्हणजे मजकूर टाइप करायची अवस्था, सुरू व्हायची आणि उरलेली 'व्ही' व 'ई' ही दोन अक्षरं फाइलमध्ये टाइप व्हायची. तो सर्व्हरवर एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग फाइल दुरुस्त करत होता. एन्जिनएक्सची तपासणी अनोळखी शब्द म्हणून त्या ओळीवर बोट ठेवायची, तो ती दोन अक्षरं पुसायचा, एफ-टू दाबायचा, मग एस्केप आणि सवयीने 'कोलन डब्ल्यू क्यू', म्हणजे सेव्ह करून बाहेर. अक्षरं पुन्हा डिस्कवर! रात्री उशिरापर्यंत तो एन्जिनएक्सलाच दोष देत होता. कॉमेंट नेहमी वरच्या, स्वतंत्र ओळीत लिहा. मॅपिंगच्या शेवटी राहिलेली स्पेससुद्धा कळ म्हणूनच मोजली जाते, तीही काढा.

दुसरी चूक म्हणजे 'नोरीमॅप'च्या जागी नुसतं 'मॅप' वापरणं. 'मॅप' बसवलेल्या कळांवरची इतर मॅपिंगही लावतो, 'नोरीमॅप' लावत नाही. कोलन आणि सेमीकोलन यांची अदलाबदल बऱ्याच जणांना हवी असते. ती साध्या 'मॅप'ने केली, की कोलन सेमीकोलनकडे पाठवतो, सेमीकोलन परत कोलनकडे, आणि व्हिम ई-२२३ हा रिकर्सिव्ह मॅपिंगचा एरर देऊन थांबतो. आता कोलनच चालत नाही, मग 'कोलन क्यू' कुठून देणार? अशा वेळी कॅपिटल झेड आणि कॅपिटल क्यू दाबा. सेव्ह न करता बाहेर पडाल. मी साधा 'मॅप' वापरतच नाही.

एकाच ओळीची नवी व्हिमआरसी केली आणि रंग गेले, अशी तक्रार सारखी येते. व्हिम ८ पासून व्हिमआरसी नसेल, तरच रंग वगैरे सुरू करणारी डिफॉल्ट्स डॉट व्हिम ही फाइल आपोआप लोड होते. तुमची फाइल आली की ती बाजूला पडते. पहिल्याच ओळीत ती 'सोर्स' करून, म्हणजे व्हिमला वाचायला लावून घ्या.

विंडोजवरून आणलेल्या फाइलमुळे ई-४९२ (अनोळखी आज्ञा) या एररमध्ये कॅरेट-एम, म्हणजे विंडोजची ओळ संपल्याची खूण, दिसत असेल, तर 'सेट एफएफ'ला (फाइलफॉरमॅट) युनिक्स द्या आणि सेव्ह करा.

ऑटोकमांड, म्हणजे सेव्हसारख्या प्रसंगी आपोआप चालणाऱ्या आज्ञा, ऑगग्रुप या नाव दिलेल्या गटातच ठेवा आणि गटाच्या सुरुवातीला उद्गारचिन्हासह 'ऑटोकमांड' लिहा. नाहीतर फाइल जितक्या वेळा सोर्स कराल, तितक्या वेळा तीच आज्ञा साठत जाते आणि सेव्ह करायला वेळ लागू लागतो.

सिस्टिमच्या फाइलसाठी 'सुडो व्हिम' नको, 'सुडोएडिट' वापरा. पुढे व्हिमइन्फो ही व्हिमचा इतिहास ठेवणारी फाइल रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) मालकीची झाली, हे रडगाणं टळतं.

टॅबस्टॉप, म्हणजे टॅबची रुंदी, चारची आठ कुणी केली हे कळत नसेल, तर 'व्हर्बोज सेट टॅबस्टॉप' आणि पुढे प्रश्नचिन्ह. शेवटचा बदल कुठल्या फाइलने केला ते व्हिमच सांगतो. आणि काहीच सापडत नसेल, तर फाइलच्या साधारण मध्यावर एका ओळीत 'फिनिश' लिहा. व्हिम तिथेच वाचन थांबवतो. त्रास गेला तर दोष खालच्या भागात, राहिला तर वरच्या. मग दोषी भागाच्या मध्यावर 'फिनिश' हलवा, आणि एकच ओळ उरेपर्यंत हेच करत राहा.