दप्तर सरकवून केलेला छळ: पालकांनी काय करावं

मी सातवीची वर्गशिक्षिका. मुलींमधला छळ मला बाकावरून कळतो. एकजण बसायला येते आणि शेजारचं दप्तर हळूच मध्ये सरकतं. "इथं कुणीतरी बसतंय गं." नंतर तिथं कुणीही बसत नाही.

मैत्रीलाच हत्यार करणाऱ्या या छळावर निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये लिहिलं. तो मुलींमध्ये जास्त, असं त्यांना आढळलं. पुढे 2008 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मुलगे-मुलींतला फरक अगदी किरकोळ निघाला. तेव्हा "मुली असतातच कुजक्या" हे आधी सोडा. मुलीनं उघड राग काढला की आपणच तिला गप्प करतो, मग तो राग कुजबुजीतून निघतो. शिवाय त्यांची मैत्री गुपितांवर उभी असते. बिनसलं की तीच गुपितं बाहेर येतात. आणि ग्रुपमधलं स्थान! म्होरकी बहुधा शिक्षकांची लाडकी असते. बाकीच्या हसतात, कारण उद्या आपला नंबर लागेल ही धास्ती.

घरी "शाळेत काही झालं का?" विचारलंत तर "काही नाही" एवढंच ऐकू येईल. "मधल्या सुट्टीत कुणाबरोबर होतीस?" असं विचारा. सलग काही दिवस उत्तर टाळलं तर लक्ष द्या. ती बोलली की मध्ये तोडू नका, "तू दुर्लक्ष कर" तर मुळीच म्हणू नका. तारखेसह लिहून ठेवा, मोबाइलवरचे मेसेज जपा. समोरच्या मुलीच्या आईला रागात फोन नको. दोन आया भांडतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं त्या पोरीवर निघतं.

वर्गशिक्षकांना भेटा आणि एक अट घाला: दोघींना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण" नको. ते सॉरी दारापर्यंतही टिकत नाही. मी हसणाऱ्यांपैकी एकेकीला वेगळं बोलावते. एकटीला विचारलं की बहुतेकींना ते आवडत नसतंच. "तिच्याशेजारी बसशील का?" एवढंच मागते. हसणाऱ्यांतल्या दोघी तयार झाल्या तरी म्होरकीचे प्रेक्षक कमी होतात. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीना साल्मिवाल्ली यांनी 1996 मध्ये छळातल्या भूमिका मांडल्या. त्यांत हसणाऱ्या आणि गप्प राहणाऱ्याही आहेत.

झोप उडाली, जेवण तुटलं, शाळेच्या नावानं रोज पोट दुखू लागलं, तर समुपदेशकाकडे न्या. जगण्याचा कंटाळा आल्याचं ती बोलली, तर त्याच दिवशी.

आणि तक्रार तुमच्याच मुलीबद्दल आली, तर "माझी असं करणारच नाही" म्हणण्याआधी तिला विचारा: त्या ग्रुपमधून शेवटचं कुणाला काढलं, आणि का?