वीडरचं इंजिन काळा धूर मारतंय? कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावायच्या आधी हे बघा

पॉवर वीडर (तण काढायचं यंत्र), पोर्टेबल पंप, छोटा जनरेटर, या सगळ्यांवर बहुतेक करून एकाच घडणीचं ४-स्ट्रोक पेट्रोल इंजिन असतं, होंडा जीएक्स१६० किंवा त्याच्याच धर्तीवरची १६८एफ, १७०एफ वगैरे. त्यामुळे खाली सांगतोय ते यातल्या जवळपास सगळ्यांना लागू पडतं.

मागच्या खरिपात कपाशीत आमचा वीडर असाच बिघडला. चालू व्हायचा पण भकाभका काळा धूर, लोड आला की गुदमरल्यासारखा आवाज, आणि टाकी नेहमीच्या निम्म्या वेळात रिकामी. एका गॅरेजवाल्याकडे नेला तर त्याने लगेच कार्बोरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) स्क्रू फिरवला, जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणारा त्यातला बारीक भोकाचा तुकडा) तार घातली आणि दिला परत. दोन दिवसांनी धूर आधीपेक्षा जास्त. मग मी स्वतः घेऊन बसलो.

आधी धुराचा रंग नीट बघा. निळसर असेल तर ऑइल जळतंय, तो वेगळा आजार. काळा असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, म्हणजे हवेच्या वाटेत थोडं जरी काही आडवं आलं तरी काजळी धरायला लागते. प्लग काढून बघा, टोक कोरडं काळं, बोटाला काजळी लागणारं असेल तर मिक्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, आहे हे धरून चला. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर फ्लड होतंय, म्हणजे पेट्रोल नको तितकं आत येतंय. रेस सारखी कमीजास्त होत असेल तर चोक (हवा अडवणारी पत्ती) हळूच थोडा ओढून बघा, इंजिन सुधारलं तर उलटा आजार आहे, पेट्रोल कमी पडतंय, आणि अजून गुदमरलं तर रिच.

आता हवेच्या बाजूने सुरुवात करा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. एअर फिल्टरचं झाकण उघडा आणि इंजिन फिल्टरशिवाय चालवून बघा, पण स्वच्छ जागेत आणि अगदी काही सेकंदच, वावरात धूळ उडत असताना चुकूनही नाही. धूर लगेच कमी झाला तर चोर सापडला. फोम असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, पूर्ण वाळवायचा, मग इंजिन ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळायचा, नीट पिळला नाही की तोच हवा अडवतो. कागदी फिल्टर पाण्याने धुवू नका, आतून बाहेर हलकी हवा मारा नाहीतर सरळ नवा घ्या.

फिल्टर उघडलेलाच आहे तर आतली चोकची पत्ती पण बघून घ्या. आमच्याकडे नेमकी इथेच गोची होती. दांडी पूर्ण ‘रन’वर (चोक उघडा) होती पण पत्ती एक तृतीयांश बंदच, कारण खालच्या जोडावर काळ्या मातीचा चिखल वाळून सिमेंटसारखा घट्ट बसला होता. ब्रश आणि थोडं पेट्रोल घेऊन तो जोड मोकळा केला तेव्हा पत्ती पूर्ण उघडली आणि अर्धा धूर तिथेच गेला.

उरलेला अर्धा जेटमुळे होता. पितळेचा जेट मऊ असतो, पोलादी तार घातली की भोक मोठं होतं आणि मग कितीही स्क्रू फिरवा, लोडवर पेट्रोल जास्तच जाणार, कारण तो स्क्रू मुख्यतः आयडलचं, म्हणजे लोड नसतानाचं, मिक्चर बघतो. जेटवर नंबर कोरलेला असतो, त्याच नंबरचा नवा टाका. साफ करायचा तर नायलॉनचा बारीक धागा आणि हवा, बस्स.

फ्लोट (कार्बोरेटरच्या वाटीत तरंगून निडलने पेट्रोल बंद करणारा तुकडा) तपासायचा तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, विडी-सिगारेट लांब ठेवा, खाली एक डबा धरा. पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीचा १० नंबरचा बोल्ट काढा, वाटी खाली घ्या. आता फ्लोट बोटाने हलकेच वर उचलून धरा आणि कॉक चालू करा. पेट्रोल पूर्ण थांबलं पाहिजे. निडलच्या टोकाशी थेंब जमून टपकत राहिला तर निडल झिजलंय किंवा सीटवर कचरा आहे. फ्लोट काढून कानाजवळ हलवा, आत डुचमळलं तर त्यात पेट्रोल शिरलंय, तो वर तरंगतच नाही, म्हणून निडल बंद होत नाही. निडल आणि फ्लोट बदलून काम होतं, सीटच गेली असेल तर मात्र अख्खा कार्बोरेटर बदललेला बरा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक हमखास विसरतात: इंजिन ऑइल. निडल गळत असेल तर पेट्रोल रात्रभर सिलेंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची स्टिक पुसून, आटे न आवळता नुसती टेकवून बघा, लेव्हल वाढलेली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर ते इंजिन एक मिनिटसुद्धा चालवू नका, पातळ ऑइलवर कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन खराब व्हायला वेळ लागत नाही. वरून त्या ऑइलमधली वाफ ब्रीदरच्या नळीतून परत कार्बोरेटरकडेच जाते, म्हणून कार्बोरेटर ठीक केला तरी धूर येतच राहतो आणि माणूस परत स्क्रू पिळत बसतो. सगळं ऑइल बदला, सुमारे ६०० मिली लागतं, कंजुषी करू नका, कृपया. पिकअपमध्ये मशीन नेताना कॉक बंद ठेवा, हादऱ्यांनी फ्लोट उघडझाप होऊन हेच सगळं परत होतं.

महाबळेश्वर-पाचगणीकडच्यांसाठी एक, उंचीवर हवाच विरळ, त्यामुळे खाली नीट चालणारं मशीन तिथे थोडं रिच होणारच. दर ३०० मीटरला ताकद साधारण साडेतीन टक्के कमी होते, तेवढ्यासाठी कार्बोरेटर उघडू नका.

सगळं बसवलं की नवा प्लग टाका, गॅप ०.७ ते ०.८ मिमी, वीस मिनिटं लोडवर चालवा, थंड झाल्यावर प्लग काढून बघा. टोक कॉफीसारखं तपकिरी दिसलं तर जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑइलची स्टिक परत एकदा काढून वास घ्या.