गुडघा बदललाय? आधी पाय सरळ करा, मग वाकवा

ऑपरेशन करून घरी आलं की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "किती वाकतोय?" सरळ किती होतोय, हे कुणी विचारत नाही. सुरुवात मात्र तिथूनच करायची, कारण गुडघा थोडासा जरी वाकलेला राहिला तरी चालताना पाय लंगडतो आणि मांडी लवकर भरून येते.

म्हणून पहिल्यांदा गुडघ्याखालची उशी काढा. घरचे मायेनं ती सरकवतात, बरंही वाटतं, पण गुडघा तसाच आखडतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा. गुडघ्याची मागची बाजू गादीकडे दाबत मांडी आवळा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा.

आता वाकवणं. उताणं झोपून टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घ्या, म्हणजे चादर अडत नाही. टाच हळूहळू कुल्ल्याकडे ओढा. ताण लागला की तिथंच पाच-दहा सेकंद थांबा, श्वास सोडा, जमलं तर आणखी बोटभर ओढा. खुर्चीत बसल्यावर चांगला पाय ऑपरेशनच्या पायावर पुढून टेकवून त्याला हलकेच मागं रेटा. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं केलेलं लागू पडतं. तालमीची सवय असलेल्या कोल्हापूरकरांना एका बैठकीत रग जिरवायची असते. त्यानं नुसती सूज वाढते. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाआधी अर्धा तास घ्या, नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं.

सपाट चालायला गुडघा साधारण 70 अंश वाकला तरी पुरतं (पाय सरळ म्हणजे 0, काटकोनात वाकला की 90), जिन्याला 90च्या आसपास वाकावा लागतो. दोन आठवड्यांत 90 आणि तीन महिन्यांत 110-120 अंश झाले तर उत्तम. त्यामुळं आधी रंकाळ्याची सपाट वाट, जोतिबाच्या पायऱ्या नंतर. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पंगतीला मांडी घालून बसण्याचं मात्र सर्जनला विचारूनच ठरवा.

सहा आठवड्यांनंतरही गुडघा 90च्या आतच अडला असेल तर थांबू नका, सर्जनला दाखवा. भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करता येतो, पण उशीर झाला की त्याचा उपयोग कमी होतो. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दुखलं किंवा दम लागला, तर थेट इमर्जन्सीत जा.