रेल्वेची नोटीस आली? आधी कलम वाचा, मग पुढाऱ्याकडे जा

मी भूमी अभिलेखातला निवृत्त मोजणीदार. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचं काम निघाल्यापासून लोक नोटिसा घेऊन ओसरीवर येतात. पहिला प्रश्न सगळ्यांना एकच: कुठल्या कायद्याखाली आली? २०१३ चा भूसंपादन कायदा असेल तर वाट वेगळी. रेल्वे कायदा १९८९, कलम २०ए असेल तर पुढचं वाचा. विशेष रेल्वे प्रकल्पांसाठी हे कलम २००८ मध्ये घातलं गेलं.

हरकतीला ३० दिवस. ते मोजायचे अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून, तलाठ्यानं कागद हातात दिल्यापासून नव्हे. सक्षम प्राधिकाऱ्याकडे (भूसंपादनासाठी केंद्रानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) लेखी द्या, सुनावणी मागा, पोच घ्या.

‘जमीन देणार नाही’ एवढंच लिहून ती संधी घालवू नका. रूळ, पूल, बोगदे बांधायचा अधिकार कलम ११ नं रेल्वेला, भूसंपादनाचे कायदे सोडून, इतर कायदे बाजूला सारून दिलाय. ग्रामसभेच्या ठरावानं मार्ग वळलेला मी तरी पाहिला नाही. संयुक्त मोजणीला स्वतः धुऱ्यावर उभे राहा. विहीर, पाईपलाईन, सागाची झाडं पंचनाम्यात आली का, ओलिताचं शेत कोरडवाहू तर लिहिलं नाही ना, ते बघा आणि चूक असेल तर हरकतीत मांडा. सातबारा मयत बापाच्या नावावर असेल तर वारस फेरफार आजच टाका. बाजारभाव २०ए च्या प्रसिद्धीच्या तारखेचा धरतात, तेव्हा रातोरात संत्र्याची कलमं लावणाऱ्यांनी खड्ड्यांची मजुरी वाचवावी.

सगळे विसरतात ते कलम १६. रूळ शेताच्या मधून गेला तर पलीकडच्या तुकड्याला वाट कुठून? पावसाळ्यात नाल्याचं पाणी कुठं जाणार? त्यासाठी फाटक, पूल, मोरी, नाली करून देणं रेल्वेवर बंधनकारक आहे, तेही काम चालू असताना किंवा लगेच नंतर. गाडी सुरू होऊन १० वर्षं उलटली की नव्या सोयीची जबाबदारी रेल्वेवर राहत नाही. वाटेऐवजी पैसे घ्यायला कबूल झालात आणि ते घेतलेत, तरी मागणी संपली. म्हणून नकाशावर जागा खुणा करून आत्ताच मागा. मोरीतून ट्रॅक्टर ट्रॉलीसकट निघेल एवढी रुंदी लिहा, नुसतं ‘रस्ता द्यावा’ नको.

कलम २०ई खाली जमीन घेण्याची घोषणा झाली की जमीन केंद्राची. मग निवाडा होतो. २०१५ पासून मोबदला २०१३ च्या कायद्याप्रमाणे, म्हणजे १०० टक्के दिलासा रक्कम (मोबदल्याइतकीच वरची रक्कम) धरून. ती तपासा. आकडा पटला नाही तर पैसे ‘हरकत राखून’ उचला आणि केंद्रानं नेमलेल्या लवादाकडे अर्ज करा. ताबा देण्याच्या नोटिशीला ६० दिवस असतात. पेरणी त्या हिशोबानं करा.