पालिकेच्या रस्त्यांची दुरुस्ती आणि तक्रार : या चुका टाळा

नगरपरिषदेच्या हद्दीतला प्रत्येक रस्ता नगरपरिषदेचाच असतो, असे धरून चालणे ही नागरिकांची पहिली चूक. शहरातून जाणारा मुख्य रस्ता बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा राष्ट्रीय महामार्ग यंत्रणेकडे असतो, आणि त्याची तक्रार पालिकेत दिली की ती नुसती टेबलावरून टेबलावर फिरत राहते. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे आधी विचारून घ्यावे, अर्जात जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक लिहावा आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी.

पालिकेच्या बाजूची सर्वांत महागडी चूक म्हणजे खड्ड्यात पाणी असतानाच त्यात खडी-मुरूम लोटणे. ओल्या, चिखलट कडांना डांबर धरत नाही आणि चार दिवसांत खडी रस्ताभर पसरून दुचाकी घसरू लागतात. खड्ड्याभोवतीचा सैल भाग चौकोनी, उभ्या कडांनी कापावा, पाणी व धूळ काढावी, तळाला आणि कडांना टॅक कोट (नवा थर चिकटावा म्हणून पातळ डांबराचा हात) द्यावा, मग खडी-डांबराचे मिश्रण थराथराने भरून प्रत्येक थर दाबून घ्यावा. भर पावसात कोल्ड मिक्सने, म्हणजे गरम न करता वापरायच्या तयार डांबरी मिश्रणाने, वेळ निभावता येते. मात्र उघडीप मिळताच पक्के काम झालेच पाहिजे.

त्याच जागी खड्डा पुन्हा पुन्हा पडत असेल, तर डांबराला दोष देण्याआधी पाणी कुठून येते ते पाहावे : तुंबलेले गटार, गळकी जलवाहिनी किंवा नुसत्या मातीने बुजवलेला केबलचा चर. डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे मीटरमागे साधारण अडीच सेंटीमीटर उतार हवा. जुना थर न खरवडता त्यावर नवे थर चढवत गेल्यास रस्ता उंच होतो आणि पाणी लोकांच्या घरांत शिरते, हे तर सरळ अन्यायाचे आहे.

नवा रस्ता उखडला की पुन्हा अंदाजपत्रक करण्याची घाई होते. वास्तविक करारनाम्यात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो आणि तोवर सदोष कामाची दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. करारनामा, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) यांच्या प्रती माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली मागता येतात. हा कालावधी संपण्याआधी लेखी तक्रार नोंदवणे फार महत्त्वाचे आहे.

पदपथाकडे तर शेवटी लक्ष जाते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस (आयआरसी) या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि पदपथाची रस्त्यापासूनची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. डीपी बॉक्स (वीज वितरणाची पेटी) मधोमध बसवून ही रुंदी कागदावर दाखवू नये.

खड्ड्यामुळे अपघात झाल्यास भरपाई मागता येत नाही, हा समजही सोडावा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये मृतांच्या वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये देण्याचे आदेश दिले आहेत. त्यासाठी पोलिसांतील नोंद आणि उपचारांची कागदपत्रे जपावीत, आणि खड्डा बुजवला जाण्याआधी त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत.